पाचोळा बागेतच राहू द्या : राणीच्या बागेसाठी एक खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
आणि मा. उद्यान अधीक्षक

स. न. वि. वि.

मी लालबागच्या चाळीत वाढले, लग्न होऊन भायखळ्याला आले आणि तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे लहानपणी, संसारात आणि नोकरीत अशी तिन्ही वेळा राणीची बाग माझ्या वाटेत आली. माझी आजी ‘राणीचा बाग’ म्हणायची, आम्ही ‘राणीची’ म्हणू लागलो. पाटीवर पूर्वी व्हिक्टोरिया गार्डन्स होतं, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे. जिजाऊ कुठल्याही व्हिक्टोरियापेक्षा आमच्या जवळच्या, त्यामुळे बोलण्यातलं नाव बदलायची वेळच कुणावर आली नाही. एका राणीची बाग दुसऱ्या राणीची झाली, एवढंच.

पत्र लिहायचं कारण असं की हल्ली कुठल्याही बागेचा विषय निघाला की ‘शाश्वत’, ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’ हे शब्द येतात आणि त्यांच्या मागोमाग सिमेंटचा ट्रक येतो. सौर दिव्यांचे खांब, त्यांचे चौथरे, सेल्फी पॉइंट, ‘निसर्ग माहिती केंद्र’ नावाची काचेची खोली, तिला एसी. मला या शब्दांची धास्ती वाटते. शब्द वाईट नाहीत, पण दीडशे वर्षांहून जुन्या बागेत ‘शाश्वत’ म्हणजे काय, हे नवीन सोसायटीच्या गच्चीवरच्या बागेच्या हिशोबाने ठरवता येणार नाही. राणीच्या बागेला नवीन काही फारसं द्यायला नको. तिचं जे तिचंच आहे, ते तिच्याकडून काढून घेऊ नका, आणि काढून घेतलं असेल तिथे परत करा. माझी सगळी विनवणी एवढीच आहे. पुढे जे लांबलचक लिहिलंय तो त्याचा तपशील.

मे महिन्यात दुपारी भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत या. रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत असतं. फाटकातून आत आलात की दहा-वीस पावलांत मानेमागचा घाम गार लागतो. मग वास येतो. तो फुलांचा नसतो, ओलसर मातीचा आणि कुजणाऱ्या पानांचा असतो, जुन्या वाड्याच्या माजघरात यायचा तसा. माझ्या लेखी या बागेचं ‘जुनेपण’ म्हणजे ही सावली आणि हा वास. कमानी, घड्याळाचा मनोरा, मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या नावाचं ते ग्रीक धाटणीचं देऊळ, 1965 साली काळा घोडा चौकातून हलवून आणलेला सातव्या एडवर्डचा पुतळा, हे सगळं जपावंच. पण ते बागेचे दागिने झाले. अंग वेगळं.

दागिना मोडला तर जोडता येतो, हे याच आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती सांगतो. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि फुटला. तुकडे इथे आणून ठेवले आणि 1914 मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. तो आजही संग्रहालयापाशी उभा आहे. दीडशे वर्षांचं झाड मात्र पडलं तर त्याचे तुकडे जोडायला पन्नास वर्षांनी कुणी येणार नाही.

ही बाग एकदा उठवलेली आहे, हेही आपल्या नव्या अधिकाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेला 1835 मध्ये शिवडीला जागा मिळाली होती आणि तिथे वनस्पती उद्यान झालंही होतं. पुढे ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली. मग माझगावच्या माउंट इस्टेटवर 33 एकरांत नवीन बाग उभी राहिली आणि 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. 1873 मध्ये ती नगरपालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालयासाठी 15 एकर जोडले गेले ते 1890 मध्ये. म्हणजे क्रम असा: आधी झाडं, मग बऱ्याच वर्षांनी पिंजरे. आज मुलांना विचारलं तर राणीची बाग म्हणजे पेंग्विन. त्यात मुलांची काही चूक नाही. पण बागेचे नकाशे आणि खर्चाचे तक्ते तयार करताना आपण तरी हा क्रम विसरू नये.

आता एक कौतुकाची गोष्ट. भायखळ्याला जुनं जपायची हातोटी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला 2005 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, त्यात आपली महापालिका भागीदार होती. भायखळा रेल्वे स्थानकाला 2022 मध्ये तसाच सन्मान मिळाला. पाच-दहा मिनिटांच्या चालीवर अशा दोन वास्तू फार कमी ठिकाणी असतील. जुन्या इमारतीचं काम करणारा कारागीर आल्या आल्या रंगाचा डबा उघडत नाही. आधी भिंत कशाची आहे ते पाहतो. चुन्याची असेल तर तिला चुनाच लावतो. सिमेंट लावलं तर भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल आतल्या आत तिला खाते. हे शहाणपण आपल्याकडे आहे, तर तेच फाटकाच्या आतल्या जमिनीला लावा. बागेची भिंत म्हणजे तिची माती. तिच्यावर काय चढवायचं हा प्रश्न नंतरचा, आधी ती श्वास कसा घेते ते पाहावं लागेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, स्वतःच्या पायाखालचं सांगते. आमच्या इमारतीच्या आवारात एक बहावा होता. एप्रिल-मेमध्ये असा पिवळा व्हायचा की टॅक्सीवाले पत्ता सांगायला त्याचा उपयोग करायचे. काही वर्षांपूर्वी कमिटीने आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं. चिखल नको, स्कूटर नीट उभ्या राहतील, दिसायलाही बरं. मीही सही केली होती, हे लपवत नाही. ठेकेदाराच्या माणसांनी खाली खडी टाकली, रोलर फिरवला आणि ब्लॉक अगदी खोडाला टेकवून बसवले. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी बहर अर्धा आला. तिसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या आणि जुलैतल्या एका रात्री झाड तीन स्कूटरींवर आडवं झालं. सकाळी मी खाली जाऊन पाहिलं. जाड मुळं होती, पण त्यांच्या टोकाची केसासारखी बारीक मुळं, जी पाणी पितात, ती जवळजवळ नव्हतीच. जी होती ती ब्लॉकच्या खालच्या वाळूत, वीतभर खोलीवर, हवा शोधत वर आलेली. तीस वर्षं मी फळ्यावर मूळ काढलं होतं ते खाली खाली जाणारं, गाजरासारखं. झाडाची खाणारी-पिणारी मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि पानोऱ्याच्या घेरापलीकडे पसरलेली असतात, हे मला ठाऊक होतं. पण ते दिसलं त्या सकाळी.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं. चांगलं झालं. पण एक मीटर हा फुटपाथवरच्या झाडाला जगवायचा किमान हिशोब आहे. ज्या झाडाचा पानोरा वीस मीटर पसरलाय त्याला एक मीटरचं आळं म्हणजे पंगतीला चमचाभर भात. राणीच्या बागेत मोठ्या झाडांपुरता तरी नियम असा हवा की जिथवर दुपारची सावली पडते तिथवर खणणं नाही, रोलर नाही, नवा पाया नाही. जिथे मुरमाची वाट आहे तिथे मुरूमच राहू दे. जिथे पक्कं झालं आहे तिथे पुढच्या दुरुस्तीची निविदा निघेल तेव्हा तिच्यात मुरूम, वाळू, सांधे मोकळे सोडलेली फरशी असं लिहा. आज सगळं उखडून टाका असं मी म्हणत नाही, कारण उखडतानाही मुळं तुटतात. पावसाळ्यात मुरमाच्या वाटेवर चप्पल मळेल. मळू दे. बाग आहे ती.

आता पाचोळा.

उन्हाळ्याच्या तोंडावर या बागेत जो पाचोळा पडतो तो मला नेहमीच संपत्ती वाटत आला आहे. आपल्या लोकांच्या मनात मात्र पान गळलं की कचरा झाला हे इतकं पक्कं बसलंय, की झाडलेली जमीन म्हणजे राखलेली बाग असं आपण धरून चालतो. अंगणाचा नियम बागेला लावतो. जंगलात कुणी झाडू मारत नाही आणि कुणी युरियाही टाकत नाही. झाडाने मातीतून घेतलेलं पानातून खाली येतं, कुजतं, परत वर जातं. आपण ते पान उचलून बाहेर पाठवलं की हिशोबात तूट येते. मग ती भरायला खताच्या गोणी विकत घ्यायच्या, म्हणजे घरचं धान्य विकून हॉटेलात जेवायला जायचं.

मी स्वतः हे करून पाहिलंय, त्यामुळे त्यातल्या चुकाही सांगते. आमच्या गच्चीवर कोंबड्यांची जाळी गोल वाकवून कंबरभर उंचीचा पिंप केला आणि त्यात सोसायटीतला सगळा पाचोळा दाबून भरला. दिवाळीत भरला, मार्चमध्ये उघडला, तर पानं जशीच्या तशी, फक्त कुरकुरीत. मला वाटलं होतं पानं आपोआप कुजतात. कोरडी पानं कुजत नाहीत, नुसती वाळतात. त्यांना ओल लागते आणि नत्र लागतं, म्हणजे शेण, हिरवं गवत, भाजीची देठं असं काहीतरी. दुसऱ्या वर्षी एक थर पानं, एक थर भाजीवाल्याकडचा हिरवा चोथा, वर ताकाचं पाणी आणि झाकायला गोणपाट असं केलं. पावसाळ्याच्या तोंडाशी हात घातला तर आत कोमट होतं, आणि ऑगस्टमध्ये चहाच्या चोथ्यासारखं काळं, भुसभुशीत खत हाताला लागलं. वास विचाराल तर राणीच्या बागेचा.

आपल्याकडे तर सोन्याहून पिवळं आहे. एका बाजूला पन्नासेक एकरांचा पाचोळा आणि त्याच कुंपणाच्या आत हरणं, पाणघोडे अशा गवत खाणाऱ्या प्राण्यांचं शेण. (वाघ-बिबट्यांची विष्ठा यात घालायची नाही, ती वेगळी.) मुंबईतल्या दुसऱ्या कुठल्या बागेला हा जोड आहे? तेव्हा एक साधा नियम लिहून काढा: या बागेचं पान या बागेच्या फाटकाबाहेर जाणार नाही. वाटांवरचं पान झाडा, त्याला हरकत नाही, पण ते दाताळ्याने झाडाखालच्याच मातीवर ओढा. उरलेल्याचे ढीग करा, शेणाबरोबर थर लावा. ढीग दडवू नका, लोकांना दाखवा. शाळेच्या सहलीला तो वाघाच्या पिंजऱ्याइतकाच बघण्यासारखा आहे, हे मी अनुभवाने सांगते. सातवीतली मुलं गांडुळासमोर पंधरा मिनिटं उभी राहतात. वाघ झोपलेला असला तर त्याच्यासमोर दोन मिनिटंही थांबत नाहीत.

पाण्याचंही असंच. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर. बाग पन्नास एकर धरली तर झाले सुमारे दोन लाख चौरस मीटर, म्हणजे वर्षाला 40 कोटी लिटर पाणी या जमिनीवर आपोआप येतं. हा हिशोब मी दरवर्षी फळ्यावर करायला लावायचे आणि शून्यं मोजताना वर्गात हमखास भांडण व्हायचं. यातलं सगळं जिरणार नाही, काही पानांवरूनच उडून जाईल, मुसळधार आली की काही वाहून जाईल. पण किती जिरतं हे मातीवर ठरतं. पाचोळ्याखालची भुसभुशीत माती पाणी पिते. रोलर फिरलेली माती ते गटाराकडे ढकलते. गटार भरलं की परळ-हिंदमाताला काय होतं ते आपल्या कंट्रोल रूमला आमच्यापेक्षा जास्त माहीत. हिंदमाताचं पाणी साठवायला आपण दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्या. तिथे त्याची गरज होती, मी नावं ठेवत नाही. पण तेच काम राणीच्या बागेची न खणलेली जमीन फुकटात करते. म्हणून तिच्या कुठल्याही कोपऱ्याखाली काही बांधायचं मनात आलं, तर त्या जमिनीची ही चाकरीसुद्धा हिशोबात धरा.

उन्हाळ्यात पाणी घालावं लागेलच. ते तानसा-भातशाकडून शंभरेक किलोमीटर नळातून आलेलं, माणसांसाठी शुद्ध केलेलं पाणी असू नये. नव्या इमारतींच्या छपरांचं पाणी साठवा, वापरलेलं पाणी शुद्ध करून झाडांना द्या. आणि जिथे सावली आहे तिथे हिरवळीचा हट्ट सोडा. दाट झाडाखाली लॉन जगत नाही. ते जगवायला पाणी, मग खत, मग पुन्हा नवी हिरवळ अंथरणं, असा तो पाळलेला हत्ती आहे. सावलीत आपल्याकडचे नेचे लावा, हळदीच्या जातीची कंदवर्गीय झाडं लावा. पावसात उगवतात, पाऊस संपला की झोपतात, उन्हाळाभर काही मागत नाहीत.

इथे मला माझ्याच बाजूच्या मंडळींशी थोडं भांडायचं आहे. पर्यावरणवाल्यांत सध्या ‘फक्त देशी झाडं’ असा आग्रह आहे. रस्त्याकडेला, डोंगरावर, नव्या लागवडीत तो शंभर टक्के बरोबर. पण राणीच्या बागेत देशी-परदेशी अशी जनगणना सुरू केली तर बागच उरणार नाही. गोरखचिंच आफ्रिकेची, उर्वशी ब्रह्मदेशची, महोगनी आणि कैलासपती अमेरिकेकडचे. कैलासपतीच्या फुलात आपल्याला शंकराची पिंडी आणि वर नागाचा फणा दिसतो, इतका तो आपला झाला. हा जगभरातून जमवलेला संग्रह आहे. संग्रहालयातल्या वस्तू देशी आहेत का असं कुणी विचारत नाही. तेव्हा मोठ्या झाडांच्या बाबतीत नियम एकच ठेवा: जे झाड गेलं त्याच्या जागी त्याच जातीचं. सुबाभूळसारखी माजणारी झाडं बाहेर, एवढा अपवाद. देशीपणाची हौस कुंपणं, झुडपं आणि जमिनीलगतच्या झाडांवर भागवा. तसंच मियावाकी. महापालिकेने शहरात ठिकठिकाणी ती दाट जंगलं लावली, मोकळ्या भूखंडांवर ती शोभतात. पण इथल्या जुन्या झाडांखाली जागा ‘रिकामी’ दिसते म्हणून तिथे रोपांची गर्दी करू नका. ती जागा रिकामी नाही, तिच्याखाली मुळं आहेत.

आणि ‘त्याच जातीचं’ हे झाड गेल्यावर ठरवून चालत नाही. माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. पहिल्या पिढीतली झाडं साधारण एका काळात लावलेली, म्हणजे ती म्हातारीही साधारण एकाच काळात होणार. झाडाचा वारस झाड उभं असतानाच तयार करावा लागतो. उर्वशीचंच घ्या. लांब देठांना उलटे टांगलेले लाल-पिवळ्या फुलांचे घोस, पाहिलेलं माणूस विसरत नाही. पण ती आपल्याकडे बी क्वचितच धरते. गुटी बांधावी लागते, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून नवं रोप करावं लागतं.

गुटी कशी बांधतात ते मला एका माळीकाकांनी या बागेतच दाखवलं, मी नऊ-दहा वर्षांची असेन. झुडूप अनंताचं होतं. पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर रुंद साल त्यांनी बांगडीसारखी गोल काढली. आतला बुळबुळीत थर धोतराच्या सोग्याने पुसला, म्हणाले हा राहिला तर झाड स्वतःची जखम भरून काढतं आणि मूळ फुटत नाही. मग ओलं शेवाळ, वर गोणपाट, सुतळी. वरच्या फांदीला एक बारकं मडकं टांगलं, त्याच्या बुडाच्या भोकात चिंधीची वात, तिच्यातून थेंब थेंब पाणी गुटीवर. महिन्या-दीड महिन्याने मला मुद्दाम बोलावून गोणपाट सोडलं, तर आत पांढरी मुळं, शेवयांसारखी. मी पुढे जीवशास्त्र घेतलं त्यात या शेवयांचा वाटा मोठा आहे.

तेव्हा आपल्याला माझं सांगणं असं. प्रत्येक दुर्मीळ झाडाला क्रमांक असू दे आणि रोपवाटिकेत त्याच क्रमांकाची किमान दोन रोपं, त्याच झाडाच्या बियांपासून किंवा कलमापासून केलेली, कायम तयार असू देत. विकत आणलेलं रोप नको, कारण इथे दीडशे वर्षं तग धरलेल्या झाडाच्या अंगात जे उतरलंय ते दुसऱ्या राज्यातल्या नर्सरीच्या पिशवीतून येणार नाही. पर्जन्यवृक्षांचं उदाहरण आठवा. दहा-बारा वर्षांपूर्वी पिठ्या ढेकूण नावाच्या किडीने मुंबईतले पर्जन्यवृक्ष रांगेने वाळले. एका जातीवर भिस्त ठेवली की काय होतं ते आपण रस्त्यारस्त्यावर पाहिलं. राणीची बाग ही या शहराची बियाण्यांची पेटी होऊ शकते. तिच्या रोपांतून वॉर्डावॉर्डातल्या बागा लावा. आणि गुटी बांधणारे हात सांभाळा. माळी हा निवृत्त झाला की त्याच्या जागी कुणीही भरता येईल असा माणूस नाही, त्याच्या हाताखाली दोन वर्षं कुणीतरी उभं राहायला हवं.

कायदा आपल्या बाजूने आहे. वृक्ष कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरतं आणि ते तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. शिवाय ही बाग शहराच्या वारसा यादीत आहे. पण वय ठरवायला नोंद लागते. वंशावळ, घेर, उंची, फुलण्याचे महिने अशी प्रत्येक झाडाची वही मराठीत करा आणि लोकांना पाहू द्या.

अंधाराबद्दल थोडं. गोरखचिंचेचं पांढरं, हाताएवढं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं त्याच्याशी येतात आणि दुसऱ्या दिवशी ते खाली पडलेलं असतं. पूर्ण संसार एका रात्रीचा, आणि तो अंधारातला. झाडांना गुंडाळलेल्या रोषणाईचा विषय मुंबईत उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. इथे तो प्रसंगच येऊ नये. रात्रीची बाग रात्रीच्या जीवांची. चौकीदाराच्या वाटेवर खाली वाकलेला पिवळा दिवा पुरे.

पेंग्विनांवर मी भांडणार नाही, 2017 मध्ये नातवाला घेऊन मीही रांगेत उभी होते. पण मुंबईच्या मेमध्ये 16 ते 18 अंश राखायचे तर वीज लागते, मग ती वीज निदान प्राणिसंग्रहालयाच्या नव्या छपरांवर तयार करा. सौर पत्रे छपरावर बरे दिसतात. हिरवळीवर लोखंडी खांब रोवून केलेला ‘सौरवृक्ष’ खऱ्या झाडांच्या गर्दीत फार केविलवाणा दिसतो. आणि यातल्या कशाचाही खर्च तिकिटावर टाकू नका. पाचाचे पन्नास झाले तेव्हा आमच्या चाळीतल्या किती आयांनी बोटं मोजली ते मला माहीत आहे. ही बाग गिरणगावाची सावली होती. रविवारी जिन्याखालच्या खोल्यांतून माणसं इथे श्वास घ्यायला यायची. तीही बागेच्या जुनेपणाचाच भाग आहेत. हवं तर ज्या जुन्या पाणपोया आपण शहरात दुरुस्त केल्या तशी एखादी इथे नीट वाहती ठेवा, म्हणजे माणशी एक प्लास्टिकची बाटली आत यायची थांबेल.

शेवटी एक विनंती, जी आपण या आठवड्यातही पुरी करू शकता. सहलीला आम्ही गोरखचिंचेचा घेर मुलांची साखळी करून मोजायचो. उंच मुलांची तुकडी असली की आकडा कमी यायचा, त्यामुळे झाड दरवर्षी लहान-मोठं व्हायचं आणि माझ्या वहीत त्या सगळ्या नोंदी तशाच आहेत. बाग बुधवारी बंद असते. एका बुधवारी आपण स्वतः, आपले माळी आणि आमच्यासारखे दहा-बारा म्हातारे मिळून सगळ्या जुन्या झाडांचे घेर एकदा खरोखर मोजू या आणि त्या वहीचं पहिलं पान भरू या. चहा मी आणते. फीत मात्र आपण आणा. माझ्याकडची शिवणकामाची आहे, दीड मीटरची. ती उर्वशीला कदाचित पुरेल, गोरखचिंचेला नाही.

आपली नम्र,
भायखळ्याची एक निवृत्त शिक्षिका